दहावीनंतर रसायनशास्त्र सुटलं, आता लेकीला नर्सिंगला लागतंय. सुरुवात कुठून करावी?

खारेगावकरीण | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. माझ्या लेकीने बारावी आर्ट्सने केली आणि यंदा तिला नवी मुंबईत जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, प्रवेश मिळाला. आजारी माणसाचं करायची तिला लहानपणापासून ओढ आहे, आजीच्या शेवटच्या वर्षात सगळं तिनेच केलं. त्यामुळे प्रवेश मिळाला तेव्हा घरात पेढे वाटले.

आता अडचण अशी की ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचं पुस्तक उघडलं की पहिल्याच प्रकरणांत आयन, इलेक्ट्रोलाइट, ऑस्मोसिस, पीएच, बफर. तिचा रसायनशास्त्राशी संबंध दहावीला संपला, तोही मराठी माध्यमातून. काल रात्री आवर्तसारणी पाठ करत बसली होती. पोटॅशियमपर्यंत आली आणि वही मिटून म्हणाली, "आई, हे पाठ करून मला पेशंटबद्दल काय कळणार?" मला उत्तर देता आलं नाही. मी कॉमर्सची, पोळी-भाजी केंद्र चालवते. एका क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले, अकरावी-बारावीचं सगळं करावं लागेल. तेवढा वेळ तिच्याकडे नाही. कुठून सुरू करू?

फळा_खडू | सोमवार, रात्री १०:१५

ताई, घाबरू नका. मी ठाण्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. बालभारतीची आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं पुन्हा काढा, त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. अणूची रचना, संयुजा, रासायनिक बंध, आम्ल-आम्लारी-क्षार, मग दहावीतली कार्बनी संयुगे, या क्रमाने वाचू दे. मराठी संज्ञेसमोर इंग्रजी संज्ञा लिहिलेली एक वही करायला सांगा. परासरण म्हणजेच ऑस्मोसिस, सामू म्हणजेच पीएच, विकर म्हणजेच एन्झाइम, हे कळलं की अर्धी भीती जाते. निम्म्या गोष्टी तिला येतात, फक्त नावं बदलली आहेत.

रबाळे_लॅब | सोमवार, रात्री ११:०५

सरांची वहीची कल्पना पक्की करा. क्रमाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

मी ३१ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलला काढली. दर वर्षी नवी मुलं यायची. आवर्तसारणी घडाघडा म्हणायची, पण मोल म्हणजे काय विचारलं की गप्प. म्हणून मी शिकवायला सुरुवात नेहमी सलाईनच्या बाटलीपासून करायचो. तुमची लेक तर रोज ती बाटली हातात घेणार आहे.

बाटलीवर लिहिलेलं असतं: सोडियम क्लोराइड ०.९ टक्के. म्हणजे १०० मिलीत ०.९ ग्रॅम, लिटरमध्ये ९ ग्रॅम. शेजारी डेक्स्ट्रोजची बाटली असते, ५ टक्के. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. ती लिटरमध्ये ५० ग्रॅम. आता लेकीला एवढंच विचारा: दोन्ही बाटल्या शिरेतून देतात, दोन्हींनी रक्तपेशी फुटत नाहीत की आक्रसत नाहीत, मग एकीत ९ ग्रॅम आणि दुसरीत ५० ग्रॅम का? उत्तर सांगू नका. एक दिवस तिला डोकं लावू दे.

येऊर_वाट | मंगळवार, सकाळी ७:२०

धागा वाचते आहे. काका, मलाही उत्तर सुचत नाहीये. मीठ खारट म्हणून कमी?

खारेगावकरीण | मंगळवार, रात्री ९:३०

काका, लेक म्हणते, "ग्लुकोजचे कण मोठे असतील, म्हणून जास्त वजन लागत असेल." बरोबर आहे का?

रबाळे_लॅब | मंगळवार, रात्री १०:५०

निम्मं बरोबर, आणि महत्त्वाचं निम्मं. तिला माझी शाबासकी सांगा.

पाण्याला वजन कळत नाही, त्याला कणांची संख्या कळते. पेशीच्या पडद्याच्या एका बाजूला विरघळलेले कण जास्त असले की पाणी त्या बाजूला सरकतं. हेच परासरण. तुमच्या केंद्रावर रोज दिसतं: काकडी चोचवून मीठ लावलं की पाच मिनिटांत वाडग्यात पाणी. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळी बरणीत खार. फोडीतलं पाणी बाहेरच्या मिठाकडे धावलं.

मग कण मोजायचे कसे? दिसत तर नाहीत. बँकेत नाणी वजनावर मोजतात, एका नाण्याचं वजन ठाऊक असतं म्हणून. रसायनशास्त्रातही तेच करतात. सोडियमचं अणुवस्तुमान २३, क्लोरीनचं ३५.५, बेरीज ५८.५. म्हणजे ५८.५ ग्रॅम मीठ हा मिठाचा एक मोल. ग्लुकोजच्या रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन: ७२ अधिक १२ अधिक ९६, म्हणजे १८०. म्हणून १८० ग्रॅम ग्लुकोज हा ग्लुकोजचा एक मोल. दोन्ही ढिगांत संख्या तीच, ६०२ वर २१ शून्यं. डझन म्हटलं की केळी असोत नाहीतर अंडी, बारा. तसंच हे. आवर्तसारणीचा तिला खरा उपयोग हा आहे, वजनावरून मोजणी करण्याचा. पाठ करायची नाही, समोर ठेवायची.

आता भागाकार. ५० भागिले १८०, म्हणजे ०.२७८ मोल. हजाराने गुणलं की २७८ मिलिमोल. मिठाचे ९ भागिले ५८.५, म्हणजे १५४ मिलिमोल. पण मीठ पाण्यात पडलं की सोडियम वेगळा आणि क्लोराइड वेगळा होतो, एकाचे दोन कण. १५४ दुणे ३०८. ग्लुकोजचा रेणू फुटत नाही, अख्खाच्या अख्खा विरघळतो, म्हणून २७८ चे २७८.

रक्तद्रवात ही संख्या साधारण २७५ ते २९५ असते. ३०८ आणि २७८, दोन्ही तिच्या आसपास. म्हणून दोन्ही बाटल्या चालतात. आणि म्हणूनच शिरेतून कधीही नुसतं शुद्ध पाणी देत नाहीत, तांबड्या पेशी पाणी पिऊन फुटतात.

आता मीठ फुटतं आणि साखर का नाही, ते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतो. त्यामुळे त्याची बाजू जरा ऋण, हायड्रोजनच्या बाजू जरा धन. मिठाच्या खड्यात धन सोडियम आणि ऋण क्लोराइड एकमेकांना धरून बसलेले असतात. पाण्याचे रेणू ऑक्सिजनचं तोंड सोडियमकडे आणि हायड्रोजनचं क्लोराइडकडे करून त्यांना घेरतात आणि एकेक आयन, म्हणजे प्रभार असलेला कण, सोडवून नेतात. ग्लुकोजमध्ये अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जोडलेले असतात, ते बंध पाण्याने तुटत नाहीत. पाणी त्याच्या ओएच गटांशी हायड्रोजन बंध जोडतं आणि अख्खा रेणू उचलतं. तेलाला ना प्रभार, ना असे गट. पाणी त्याला धरणार कुठे?

हे एवढं नीट कळलं तर पुढचं खूप सोपं जाईल. पेशीचा पडदा तेलासारख्या मेदाचाच असतो, म्हणून आयन त्यातून आपोआप जात नाहीत, त्यांना प्रथिनांचे दरवाजे लागतात.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ४:१०

वाशीकडे आयसीयूत नर्स आहे. काकांचा प्रतिसाद राउंडनंतर वाचला आणि राहवलं नाही. आम्हाला शिकताना ३०८ हा आकडा पाठ करायला लावला होता, तो कुठून येतो ते आज कळलं.

ताई, लेकीला वॉर्डातल्या दोन गोष्टी माझ्याकडून सांगा.

एक, पोटॅशियम क्लोराइड. १० मिलीच्या ॲम्प्यूलवर १५ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे दीड ग्रॅम. काकांच्या रीतीने भागा: पोटॅशियम ३९, क्लोरीन ३५.५, बेरीज ७४.५. दीड ग्रॅम म्हणजे २० मिलिमोल. रक्तात लिटरमागे पोटॅशियम असतं जेमतेम ३.५ ते ५ मिलिमोल. ही ॲम्प्यूल थेट शिरेत ढकलली तर हृदय थांबू शकतं. मोठ्या बाटलीत मिसळून, हळू, ठरलेल्या वेगानेच द्यायची. आमच्याकडे ती वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि दोघींनी वाचून मगच काढतात. गंमत म्हणजे ओआरएसच्या एक लिटरच्या पाकिटातही पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅमच असतं. तेवढंच पोटॅशियम दिवसभर घोट घोट पाजलं तर पोराला टवटवी आणतं.

दोन, आरएल (रिंगर लॅक्टेट, शिरेतून द्यायचं एक द्रावण) आणि रक्त एका नळीतून द्यायचं नाही. रक्ताच्या पिशवीत सायट्रेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. आरएलमध्ये कॅल्शियम आहे. दोन्ही एकत्र आले की गुठळी होऊ शकते. हा नियम मला सिस्टरांनी ओरडून शिकवला होता. कारण कळल्यावर कधी विसरले नाही.

आणि काकांच्या डी५ मध्ये, म्हणजे ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, एक भर. बाटलीत २७८ असले तरी शरीरात गेल्यावर ग्लुकोज पेशी वापरून टाकतात, मागे राहतं पाणी. म्हणून नुसतं डी५ खूप दिलं तर सोडियम पातळ होतं.

रबाळे_लॅब | बुधवार, सकाळी ८:००

सिस्टर, डी५ची भर अगदी योग्य. बाटलीतली संख्या आणि शरीरात गेल्यानंतरची संख्या वेगळी, हे मी सांगायला हवं होतं.

येऊर_वाट | बुधवार, सकाळी ९:२५

पीएचबद्दलही सांगा ना. मी सकाळी कोमट लिंबूपाणी घेते, आमच्या योगाच्या ग्रुपमध्ये सांगतात की त्याने रक्त अल्कधर्मी होतं आणि आजार होत नाहीत. लिंबू आंबट असून अल्कधर्मी कसं, हे मला कधीच कळलं नाही.

फळा_खडू | बुधवार, संध्याकाळी ६:४५

हा भाग मी घेतो, माझा आवडता आहे.

आधी हळदीचा कागद करा. जांभळी नाक्यावरून चांगली हळद आणा, थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर पातळ लेप द्या, सुकवा. त्याच्या पट्ट्या कापा. एकीवर लिंबाचा थेंब: पिवळीच. एकीवर साबणाचं पाणी: विटकरी लाल. एकीवर पानाच्या टपरीवरच्या चुन्याचं पाणी: गडद लाल. आता त्या लाल डागावर लिंबू पिळा, डोळ्यांसमोर परत पिवळा होतो. माझ्या वर्गात दर वर्षी इथे "सर, परत!" असा ओरडा होतो. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्याची जोड देऊन करत आले, त्याचा रंग हाच. रोज कपाळाला लावतो ती एक आम्ल-आम्लारी परीक्षाच आहे.

आम्लता मोजायचं पीएच हे माप सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडलं. त्यात एक खाच आहे आणि मुलं तिथेच अडखळतात: आकडा एकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात. ०.३ ने उतरला तरी दुप्पट. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५. कुणाचा ७.४ वरून ७.१ झाला, तर ऐकायला "जरासाच कमी" वाटतं, पण हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात आणि पेशंट गंभीर असतो. लेकीला हे आत्ताच मनात ठसवू द्या.

लिंबूपाण्याबद्दल: लिंबू आम्लच, पट्टी सांगते. ते प्यायल्याने रक्ताचा पीएच हलत नाही, कारण रक्तात बफर आहे, म्हणजे पीएच हलू न देणारी जोडी. बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचं प्रमाण साधारण २० ला १ राखलेलं असतं. आम्ल आलं तर बायकार्बोनेट ते टिपून घेतं, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे जातो. मूत्रपिंडं उरलेला हिशेब सावकाश पुरा करतात. खाण्यापिण्याने लघवीचा पीएच बदलतो, रक्ताचा नाही. लिंबूपाणी आवडतं म्हणून जरूर घ्या, पण रक्ताची काळजी फुप्फुसं आणि मूत्रपिंडं घेत आहेत.

येऊर_वाट | बुधवार, रात्री ८:१०

धन्यवाद सर. पट्ट्या केल्या. नातवाने घरातल्या सगळ्या बाटल्यांचे थेंब टाकून बघितले.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ८:४०

बाथरूम साफ करायच्या बाटल्या नातवाच्या हाताला लागू देऊ नका हो. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत एका मावशींनी फरशी लख्ख व्हावी म्हणून टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र ओतलं. एकात हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यात सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूम, मावशी खोकत खोकत दारात कोसळल्या. ओढून मोकळ्या हवेत आणलं, दवाखान्यात नेलं, वाचल्या. "दोन औषधं मिळून जास्त जोर" असं त्यांना वाटलं होतं. कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना.

चेंदणीकर | गुरुवार, दुपारी २:३०

कोळीवाड्यातून वाचतोय, शिक्षण जेमतेम, पण धागा सोडवत नाही. एक विचारू का? मासळीला लिंबू किंवा कोकमाचं आगळ चोळलं की वास मरतो. आमच्या आजीच्या आजीपासून करतात. यात केमिस्ट्री आहे का?

रबाळे_लॅब | गुरुवार, रात्री १०:३०

दादा, कार्बनी रसायन कसं सुरू करावं याचा मी दोन दिवस विचार करत होतो, तुम्ही वाटच दाखवलीत.

कार्बनला चार हात. तो स्वतःशी साखळ्या करतो, म्हणून त्याची संयुगं असंख्य. पण सगळी शिकायची नसतात. साखळीला कुठला गट लटकला आहे तेवढं बघायचं, कारण वागणूक तो गट ठरवतो. ओएच असेल तर अल्कोहोल, सीओओएच असेल तर आम्ल, नायट्रोजनवाला अमीनचा गट असेल तर आम्लारीसारखं वागणं.

समुद्री मासा शिळा होऊ लागला की त्यात ट्रायमेथिल अमीन तयार होतं. ते उडून जाणारं, म्हणून नाकाला लागतं. आगळ चोळलं की आम्लातला हायड्रोजन आयन अमीनच्या नायट्रोजनला चिकटतो, अमीनवर धनप्रभार येतो, त्याचा क्षार होतो. क्षार उडत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून वास जातो आणि धुतल्यावर निघून जातो.

आता लेकीने औषधाची कुठलीही पट्टी हातात घ्यावी. मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड. लिग्नोकेन हायड्रोक्लोराइड. हे शेपूट कशाला? हीही अमीनं आहेत, आणि आम्हीही कारखान्यात तेच करतो जे तुमची आजी करायची. अमीनला आम्ल लावून क्षार करतो, म्हणजे औषध पाण्यात नीट विरघळतं. आगळाच्या जागी हायड्रोक्लोरिक आम्ल, एवढाच फरक.

अजून एक नाकाने ओळखायचं: ॲस्पिरिन हा सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल यांच्या जोडणीचा एस्टर आहे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत डबी उघडी राहिली की ओलावा ती जोडणी तोडतो आणि गोळ्यांना व्हिनेगरचा वास येतो. आमच्या स्टोअरमध्ये जुलैत एक डबा उघडला आणि मी कागद न बघताच बाजूला काढला होता. तसा वास आला तर गोळी द्यायची नाही.

एकच इतिहास सांगतो. पूर्वी समज होता की सजीवांतले पदार्थ फक्त सजीवच बनवू शकतात. १८२८ मध्ये व्होलर यांनी अमोनियम सायनेट तापवून युरिया केला, लघवीत असतो तोच. तिथून ही भिंत पडायला लागली. शरीरातलं रसायन आणि बाटलीतलं रसायन एकच आहे, हे लेकीच्या मनात बसलं तर बायोकेमिस्ट्रीची भीती उरणार नाही.

फळा_खडू | गुरुवार, रात्री ११:१५

बायोकेमिस्ट्रीसाठी स्वयंपाकघर पुरे. बटाट्याच्या कापावर पोव्हिडोन आयोडीनचा थेंब टाका: निळा-काळा, म्हणजे स्टार्च. भाकरीचा घास न गिळता मिनिट-दोन मिनिटं चावा: गोड लागायला लागतो, कारण लाळेतलं विकर स्टार्चच्या लांब साखळीची माल्टोज साखर करतं. गवताच्या सेल्युलोजमध्येही ग्लुकोजच असतं, पण जोडणीची दिशा वेगळी, म्हणून ती आपल्या विकराला सोडवता येत नाही. गाईच्या पोटातल्या जिवाणूंना येते.

आणि खरवस! चिकाचं दूध नुसतं वाफवलं तरी वडी पडते, साध्या दुधाची पडत नाही. चिकात वासरासाठीच्या प्रतिपिंडांची प्रथिनं भरपूर असतात, उष्णतेने त्यांच्या घड्या सुटतात आणि ती एकमेकांत गुंततात. अंडं उकडताना हेच होतं. ताप फार चढला की डॉक्टर का घाबरतात, याचं एक कारण इथे आहे: प्रथिनांचं काम त्यांच्या घडीवर चालतं.

खारेगावकरीण | शनिवार, रात्री ९:१५

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. चार दिवस आमच्या ओट्यावर प्रयोगशाळा आहे. खरवस मिळाला नाही, बाकी सगळं केलं. आता लेकच लिहिते आहे.

नमस्कार काका, सर, सिस्टर, दादा. मी ओआरएसचं पाकीट मांडून बघितलं. लिटरमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम, भागिले १८०, म्हणजे ७५ मिलिमोल. मीठ २.६ ग्रॅम भागिले ५८.५, म्हणजे ४४. सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, त्याचं रेणुवस्तुमान पाण्यासह २९४, म्हणजे साधारण १०, पण प्रत्येकात तीन सोडियम, म्हणून ३०. सोडियम एकूण ७४, पुस्तकात ७५ आहे. ग्लुकोजही ७५. हे मुद्दाम सारखं ठेवलंय का? आणि पुस्तकात एकूण कण २४५ लिहिलेत. मग घाईत कुणी लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कालवलं तर ४९० होतील. रक्तापेक्षा कितीतरी जास्त. मग पाणी आतड्यातून रक्तात जायच्या ऐवजी उलटं आतड्यात येईल ना?

रबाळे_लॅब | शनिवार, रात्री १०:००

बाळा, येईल. जुलाब वाढतील, आणि सोडियमही वाढेल.

आणि हो, मुद्दाम. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकाच दरवाजातून जोडीने शिरतात, पाणी त्यांच्यामागून जातं. जुलाबातही तो दरवाजा बहुतेक चालू राहतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. सोडियम-ग्लुकोजच्या याच जोडीवर ते उभं होतं.

रात्रपाळी | रविवार, पहाटे ५:०५

बाळ, वॉर्डात आईला पाकीट देताना तोंडी "एक लिटर" सांगून थांबू नकोस. बऱ्याच घरात मापाचं भांडं नसतं. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली हातात धरून दाखव, गळ्यापर्यंत भरायची. आणि पाकीट उलटून वाच, लहान पाकिटं २०० मिलीची असतात.

खारेगावकरीण | रविवार, सकाळी ७:३०

वहीत लिहून घेतलं तिने. आवर्तसारणी आता फ्रिजवर चिकटवली आहे.